मागच्या बाकावर

तीर्थरूप अण्णांना,
चंद्रीचा दुरून नमस्कार.

इथली पत्रं ऑफिसात उघडून वाचतात, म्हणून हे मी धाडणार नाही.

दुष्काळात खडी फोडताना माझ्या हातून मुकादमाचा जीव गेला. भान नव्हतं म्हणून कोर्टानं शिक्षा दिली नाही, वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरी झालीस की न्यायला येतो." पुढं दर दिवाळीला कुणाबरोबर तरी तोच निरोप येत राहिला. इथली आया बनाबाई चिडवते, "तुजा अण्णा जळकोटाहून बैलगाडीनं निघालाय व्हय गं?"

परवा मला सोडायचं की नाही हे ठरवायला पुन्हा कोर्टात उभं केलं. जज्जसाहेबांनी विचारलं, "बाई, तुला सांभाळायला कोणी आहे?"

"व्हय साहेब. अण्णा येणार हाय न्यायला."

डॉक्टर म्हणाले, "नऊ वर्षं ही हेच सांगते. कोणी येत नाही. हा भ्रम अजून गेलेला नाही."

आणि तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात. सोसायटीच्या खटल्यासाठी आला असाल. चेअरमन झालात म्हणे. फेटा शोभतो तुम्हाला. नजरानजर झाली आणि तुम्ही मान खाली घातलीत.

साहेबांनी माझी दोन वर्षं वाढवली.

मी नुसतं बोट दाखवलं असतं, तर भ्रम नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. पण तुम्ही उठून म्हणाला असतात, "ही कोण बाई? मी ओळखत नाही," तर अण्णा, मला खरंच वेड लागलं असतं.

तुमची धाकटी लेक,
चंद्रप्रभा