बाई घरी येऊन तशीच गेली

आई, गेले काही दिवस दुपारी माझ्या नोएडाच्या घरात भाजणी भाजल्याचा वास येतो. गॅस बंद असतो. हे गेल्यापासून एकटीसाठी मी भाजणी करतच नाही. तरी हातातलं पुस्तक ठेवून स्वयंपाकघराच्या दारात जाते आणि वास विरेपर्यंत उभी राहते. तुझीच भाजणी, धणे जरा जास्त.

लहानपणी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मला टायफॉइड झाला होता, तेव्हाचं आठवतं. तू उशाशी बसली आहेस, आणि पायथ्याशी कोणी बाई उभी आहे, डोक्यावरून निळं वस्त्र घेतलेली. सकाळी मी सांगितलं, "शाळेतली मदर मेरी आली होती." तू म्हणालीस, "आपली देवी असेल गं. तापात हिरवी साडी निळी दिसली तुला." मी रडायला लागले. मग कपाळावरची पट्टी पिळत तू म्हणालीस, "बरं बाई, तुझी तर तुझी. पण घरी येऊन तशीच गेली? कुंकू नाही, ओटी नाही?"

मी बरी झाल्यावर तू शाळेत आलीस ती खण, नारळ, तांदूळ घेऊन. आवारातल्या मेरीच्या पुतळ्यासमोर पदर खोचून ओटी भरलीस. वर्गातल्या मुली बघत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर धावत आल्या. "ये क्या कर रही हैं आप?" आणि तुझं ते हिंदी: "सिस्टर, आपकी माताजी हमारे घर आयी थी. वैसेच गयी. अच्छा नहीं लगता." सिस्टर हळूच म्हणाल्या, "नारियल मैं रख लूँ?"

पुढे मी शहाणी झाले. रोज निळा झगा बघायचे म्हणून मला निळी दिसली. तुला हिरवीच दिसली असती. मनात आधी जे असतं तेच समोर येऊन उभं राहतं, हे मला कळलं, आणि त्यानंतर कोणी आलंच नाही. हे गेले तेव्हा किती वाट पाहिली. मेरी नाही, देवी नाही, हेही नाहीत.

आणि आता हा वास. बंगळुरूच्या लेकीला फोनवर सांगितलं. "मम्मा, भाजणी म्हणजे?" मी समजावलं, तशी तिचा आवाज बदलला. "यार, हे बिल्कुल नॉर्मल नाहीये. नसलेले वास येणं म्हणजे ब्रेनचं काहीतरी असू शकतं. न्यूरोलॉजिस्टला दाखव, प्लीज." तिचंही खरं असेल. तिला मेंदू दिसतो, तुला देवी दिसली असती. मला काय दिसतं, ते या वयातही ठरवता येत नाही.

हा कागद कुठे पाठवणार? ओट्यावर ठेवीन. तिथे काल आणलेला नारळ आहे. खण इथे मिळाला नाही, ब्लाउजपीस आणलाय, हिरवा.

आणि एक. डॉक्टरांना दाखवून आले, असं मी लेकीला सांगितलंय. गेलेच नाही. औषध लागू पडलं तर, आई?