साठ गुणांचा माणूस

३ जानेवारी, सकाळी ६.४०
निर्णय झाला. सहकुटुंब स्थलांतर. समोरच्या फ्लॅटमधला प्लंबर गेल्या वर्षी ज्या प्रांतात गेला, तोच. तिथे माणसं कमी, जागा फार, हिवाळ्यात उणे तीस. कुशल कामगारांना गुण देऊन घेतात. शंभरपैकी साठ लागतात. प्लंबरला बासष्ट पडले. नळाला टेप गुंडाळणाऱ्याला बासष्ट, तर कोल्ड स्टोरेजचे तीन कॉम्प्रेसर बावीस वर्षं नुसत्या कानाने सांभाळणाऱ्याला किती, हे मोजायची गरज नाही.

तरी मोजलं. शंभर आले. बरं दिसत नाही म्हणून भाषेत दोन कमी केले. ९८.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, आधी पासपोर्ट सापडतोय का बघा.

४ जानेवारी
पासपोर्ट सापडला नाही.

५ जानेवारी
सापडला. हिच्या कपाटात, 'पासपोर्ट' असं लिहिलेल्या पाकिटात. अशा ठिकाणी कोण शोधणार?

९ जानेवारी
गुणांचा तक्ता छापून भिंतीवर लावला. स्पिरिट लेव्हल धरून. वयाचे आठ गुण आहेत, पण पन्नाशीच्या आत असेल तरच. पन्नास पूर्ण झाले की शून्य. माझे १७ जूनला होतात. अजून पाच महिने आठ दिवस. घाई करणारे लोक चुका करतात.

तक्त्यातल्या, तिकडे हव्या असलेल्या कामांच्या यादीत बाराव्या क्रमांकावर 'शीतयंत्र मेकॅनिक' आहे. खाली लाल पेनने रेघ मारली. पुढे वाचायचं कारण नव्हतं.

१० जानेवारी
कामावरच्या वेल्डरला यादी दाखवली. म्हणाला, उणे तीसमध्ये फ्रिज दुरुस्त कोण करून घेतो? दार उघडं ठेवलं की झालं. त्याला आर्द्रता म्हणजे काय हे माहीत नाही. पाऊण तास समजावलं. शेवटी त्याने हेल्मेट खाली ओढलं.

१८ जानेवारी
कन्येने तक्ता तपासला. यंदा बारावी झाली की तिथेच कॉलेजला जायचं असं तिने स्वतःच ठरवून टाकलंय. म्हणाली, बाबा, शिक्षणात पंचवीस कसे लिहिलेत? प्रमाणपत्र आहे का? सांगितलं, मी स्वतः शिकलो, चौदा वह्या आहेत, आकृत्यांसह. म्हणाली, वह्यांना शून्य आहे.

९८ वजा २५. ७३. अजूनही प्लंबरपेक्षा अकरा जास्त.

२ फेब्रुवारी
भाषेच्या परीक्षेला नाव घातलं. हिचंही घातलं, कारण जोडीदाराच्या शिक्षणाचे आणि भाषेचे मिळून पंधरा गुण असतात. ही एका डेंटल लॅबमध्ये अर्धा दिवस कवळ्या करते. बोलायची सवय कमी. तिला सांगितलं, रोज अर्धा तास मी शिकवीन. म्हणाली, तुम्ही आधी तुमचं बघा, मी भांडी घासताना ऐकेन काहीतरी.

२६ फेब्रुवारी
मालकांनी अनुभवाचं पत्र दिलं. चार ओळी. 'हे आमच्याकडे बावीस वर्षं शीतयंत्र मेकॅनिक आहेत. काम चांगलं आहे.' चांगलं म्हणजे किती? मोजमाप नाही, तपशील नाही. परत केलं. मालक म्हणाले, अरे सही झालीय, शिक्का मारलाय, घे की बाबा. म्हटलं, मीच लिहून आणतो.

१ ते ७ मार्च
स्वतःच्या कामाची घड्याळ लावून नोंद.

९ मार्च
पत्र तयार. अकरा पानं. दिवसाची सरासरी अशी: कॉम्प्रेसरला प्रत्यक्ष हात लावणे, ५० मिनिटे. आवाज ऐकणे, ४५ मिनिटे. इतरांच्या चुका दाखवणे, ३ तास ४० मिनिटे. योग्य पद्धत तोंडी समजावणे, २ तास १० मिनिटे. चहा, ३५ मिनिटे (समजावणे चालूच). बेरीज बरोबर आठ तास.

मालकांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, शेवटच्या पानावर सही केली. वेल्डर म्हणाला, म्हणजे सहा तास बडबड करतोस हे तूच लिहून दिलंस. पाच तास पन्नास मिनिटं. या लोकांत नेमकेपणाच नाही.

पत्र तिकडच्या कौशल्य तपासणी विभागाकडे रवाना.

४ एप्रिल
तोंडी परीक्षा. बाईंनी विचारलं, तुमच्या आवडत्या सुट्टीबद्दल बोला. मी सुट्टी घेत नाही, असं एका वाक्यात संपवून कॉइलवर बर्फ का साचतो, याकडे वळलो. त्यांनी दोनदा थांबवलं. विषय त्यांना नवा असावा. एकंदरीत छाप चांगली पडली.

२५ एप्रिल
निकाल. पंचवीसपैकी ११. परीक्षेच्या पद्धतीतच खोट आहे. हिला २२. तिला प्रश्न सोपा आला होता.

कन्येने विचारलं, कुठला? ही म्हणाली, आवडत्या सुट्टीबद्दल बोला.

माझी नवी बेरीज ६१. एक गुण शिल्लक आहे. शिल्लक ती शिल्लकच.

२८ एप्रिल
वेल्डरला ६१ सांगितले. म्हणाला, काठावर पास. त्याला म्हटलं, व्हॉल्व्हसुद्धा काठावरच बसतो. विचारात पडला.

२० मे, दुपारी १२.१०
तपासणी विभागाचं उत्तर आलं. पत्र तपशीलवार असल्याबद्दल आभार. त्या तपशिलावरून माझं काम 'देखरेख व प्रशिक्षण' या गटात मोडतं, आणि तो गट यादीत नाही. मेकॅनिक म्हणून रोजची पन्नास मिनिटं अनुभव धरायला अपुरी.

म्हणजे मला मेकॅनिकपेक्षा वरचा दर्जा दिला. अभिमानाची गोष्ट आहे. अनुभवाचे सत्तावीस गुण गेले.

६१ वजा २७. ३४.

२१ मे
मालकांना म्हटलं, ते चार ओळींचं पत्र चालेल. म्हणाले, ते फाडून तीन महिने झाले. त्यांनी नवीन लिहिलं. तीन ओळी. 'चांगलं' गाळलं होतं. मुकाट्याने घेतलं आणि पाठवलं.

३० मे
फेरतपासणीला किमान आठ आठवडे, असं कळवलंय. मी परत लिहिलं की माझ्या वाढदिवसाला अठरा दिवस आहेत. त्यांनी आगाऊ शुभेच्छा दिल्या.

१७ जून
पन्नास. कन्येने केक आणला. भिंतीवरच्या तक्त्यात मी स्वतः आठ खोडले. २६. केक ठीक होता.

२२ जून, संध्याकाळी ५.३०
आज एक विचित्र गोष्ट. कन्या तक्त्यासमोर उभी राहून म्हणाली, बाबा, यादीत एकतिसाव्या नंबरला 'डेंटल टेक्निशियन' आहे. आईच्या नावाने अर्ज टाकून बघू का? मी म्हटलं, बघ की, गंमत म्हणून.

हिचं वय शेहेचाळीस, म्हणजे आठ. डिप्लोमाचे बारा. नोकरी अर्धा दिवस म्हणून अनुभव अर्धा, साडेतेराचे चौदा. भाषा बावीस. एकूण ५६. ही गॅसवरचं दूध बघत होती. म्हणाली, काय चाललंय तुमचं?

२३ जून
आता जोडीदाराचे पंधरा. जोडीदार मी. शिक्षण शून्य, भाषेसाठी दोन.

५६ आणि २. ५८.

पट्टी धरून तक्ता ओळीओळीने पुन्हा वाचला. तळाला बारीक टीप आहे. जोडीदार सोबत येत नसेल, तर पंधराच्या पंधरा गुण अर्जदाराला मिळतात.

५६ आणि १५. ७१.

तीनदा केलं. पेन्सिलने, पेनने, कॅल्क्युलेटरवर.

२४ जून
हिला दाखवलं. वाचून कागद परत दिला. म्हणाली, अहो, राहू दे, कवळ्यांसाठी मी काही जग फिरत नाही. कन्या आतल्या खोलीत गेली. कॉलेजचं माहितीपत्रक तिच्या टेबलावर उघडं होतं, ते मिटून ठेवलेलं दिसलं.

३ जुलै
त्या प्रांताच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. सहा पानं. नवरा घरात असल्याने घराचे तेरा गुण कमी होतात, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते कळवावं. सोबत चौदा वह्यांची अनुक्रमणिका जोडली.

१९ जुलै
उत्तर आलं. दोन ओळी. आपण अर्जदार नसल्यामुळे या अर्जाविषयी आपल्याशी पत्रव्यवहार करता येत नाही.

२४ जुलै
यंदाची फेरी ३१ला बंद होते. हिने विषय काढला नाही. कन्येने काढला नाही. घरात दोन बायका आणि आवाज नाही. अशी शांतता कॉम्प्रेसरला आली की समजावं, आत काहीतरी अडकलंय.

जेवताना मीच म्हटलं, कोणीतरी आधी जाऊन तिकडची पाहणी करायलाच हवी. ही म्हणाली, कसली पाहणी? म्हटलं, सगळीच. घर, कॉलेज, खोल्यांतलं तापमान. तुम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा, मला पाठवत जा. मी इथून देखरेख करीन, तसा आता माझा अधिकृत गटच आहे. दोन वर्षांनी मागाहून बोलावता येतं, असं प्लंबरने लिहिलंय. बायको आधी गेली तर येणाऱ्याला घर तयार मिळतं.

ही मग म्हणाली, तुम्हाला पासपोर्ट कुठे असतो तेही ठाऊक नसतं, दोन वर्षं काय करणार आहात? म्हटलं, माझं मी शिकेन.

कन्येने आणखी एक पोळी वाढली. मागितली नव्हती.

३१ जुलै, सकाळी १०.१५
अर्ज गेला. आधी मी तो कागदावर उतरवला, ठळक अक्षरांत, एकही खाडाखोड नाही. कन्येने बघून बघून टाइप केला. 'जोडीदार सोबत येणार का' या चौकटीत मी स्वतः 'नाही' लिहिलं. कारण लिहायला जागा दिलेली नव्हती, म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. दीड पान झालं.

कन्येने ते उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाली, बाबा, ऑनलाइन फॉर्मला मागची बाजू नसते.