साडूंच्या दुकानातली ताडपत्री

तीर्थस्वरूप दादांना, तुमच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे घरच्या मोठ्या जावयाचा, मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत. म्हणजे माणसं बरी आहेत. स्वयंपाकघराच्या छपराविषयी पुढे येईलच. तुमच्याकडे वादळ पोहोचलं नाही हे ऐकून समाधान वाटलं. (थोडंसं पोहोचलं असतं, तर मला काय सांगायचं आहे ते तुम्हाला चटकन कळलं असतं. पण असो.)

वादळ ओसरलं त्या सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर दुकान उघडलं, तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि हात जोडून ठरवलं, की आज कुणाकडूनही एक पैसा जास्त घ्यायचा नाही. अर्ध्या वस्तीचे पत्रे उडाले होते, वर आभाळ पुन्हा भरून येत होतं आणि माझ्याकडे ताडपत्र्यांचा छातीएवढा ढीग होता. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी नफातोट्याची गणितं घोटून घेतली होती. पण त्या गणितांतला व्यापारी कायम शांत हवेत धंदा करायचा, त्यात वादळ कधी आलंच नाही. तेव्हा जुना भाव तोच खरा भाव, असं मी धरून चाललो. पहिलं गिऱ्हाईक आलं ते वीटभट्टीवाला. कच्च्या विटा भिजताहेत, मजुरांच्या पोटावर पाय येईल, असं म्हणताना त्याचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. त्याने सगळा ढीग मागितला, मी दिला, वर दोन माणसं लावून गाडीत चढवूनही दिला. मग रिकाम्या दुकानात बसून, आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, या विचारात मी चहा प्यायलो. (तो चहा मात्र फार चांगला लागला, हे खोटं सांगणार नाही.)

चहा संपतो न संपतो तोच माणसं यायला लागली. ताडपत्री आहे का? नाही. एखादी फाटकी तरी? नाही. मी जुन्या भावाचं सांगायला जायचो, तर लोक म्हणायचे, नसलेल्या मालाचा भाव घेऊन काय करू, डोक्यावर घालू? आणि मग ती सगळी समोर जायची. समोर कुणाचं दुकान आहे हे तुम्हाला सांगायला नको. आम्हा दोघांचीही स्थळं तुम्हीच पाहिलीत, आणि धाकट्या साडूंना माझ्यासमोरचा गाळाही तुम्हीच मिळवून दिलात. तेव्हा आता उरलेलंही ऐका.

साडूंनी भाव सरळ दुप्पट केला होता! दाराशी पाटी लावली, त्यावर भाव, आणि खाली ‘एका घराला एकच’. मला मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, आता लोक याला धुऊन काढतील. लोकांनी शिव्या दिल्याही, पण रांगेत उभं राहून दिल्या. साडू प्रत्येकाला विचारत होते, खोल्या किती, गळतं कुठे, आणि मोठी मागणाऱ्याला लहान घ्यायला लावत होते. संध्याकाळी त्यांचा माल संपत आला, तर घाटातून एक ट्रक आला. खालचा रस्ता बंद, म्हणून ड्रायव्हरने दुप्पट भाडं मागितलं आणि साडूंनी ते दिलं. रस्ता ओलांडून मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “भाव वाढवला नसता तर तो कशाला आला असता? पुण्य गोळा करायला?” मी रिकाम्या फळ्या झटकायला घेतल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मावशी रांगेतून बाहेर पडली. भाव ऐकून परत निघाली होती. दादा, तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या मनात आलं, देवा, हिला रिकाम्या हातीच जाऊ दे, म्हणजे हा माणूस कसा आहे ते सगळ्यांना दिसेल. लगेच कान धरले. पण नजर काही हटवली नाही. तर साडूंनी हाक मारली, “अहो मावशी, पैसे कुणी मागितले? जमतील तसे द्या!” उधार दिली. (उधारीही दुप्पट भावानेच, हे लक्षात घ्या!) आणि तिने भर रस्त्यात त्यांना तोंड भरून आशीर्वाद दिले. पैसाही त्यांना, आशीर्वादही त्यांनाच. आता देवाने एका माणसाला एवढं द्यावं का? त्यालाही ‘एका घराला एकच’ अशी पाटी लावायला काय झालं होतं?

खरा घाव पुढेच आहे. माझ्या प्रत्येक ताडपत्रीच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव पांढऱ्या रंगात छापलेलं असतं. दोन दिवसांनी बाहेर पडलो, तर खालच्या आळीत घराघरावर माझं नाव! ऊर भरून आला. तेवढ्यात एक म्हातारबा काठी उगारून म्हणाले, “या, या, तिपटीचे शेठ! तुमच्यापुढे तुमचा साडू म्हणजे देव!” वीटभट्टीवाल्याने माझा माल भट्टीवरूनच तिप्पट भावाने विकला होता. कच्च्या विटा, म्हणे, त्याने वादळाआधीच भाजून काढल्या होत्या. मी जीव तोडून सांगितलं, पण छपरावर छापलेलं खरं, की तोंडाने बोललेलं?

आणि घरी? ढीग विकण्याच्या भरात आपल्याही स्वयंपाकघराचा पत्रा गेलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुमची बहीण चुलीशेजारी पातेली मांडून बसली आहे आणि छत्री धरून भाकरी थापते आहे. (एका हाताने कशा थापते ते विचारू नका, छत्री मी धरतो.) ती रोज म्हणते, “अहो, समोर जा आणि एक घेऊन या. माझ्या बहिणीचंच घर आहे ना?” मी म्हणतो, पत्रे येतीलच. ती म्हणते, “धाकटे भावोजी भाव वाढवतात, पण बायकोला भिजवत नाहीत.” जप करायला बसतो, तर माळेच्या मण्यागणिक साडूंचं तोंड दिसतं. तुमच्या घरच्या दोन जावयांत खरा कोण, ते तुम्हीच ठरवा. मला कुणाचा हेवा नाही.

आपला,
मोठा जावई

ता. क. — पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. तिकडून एक ताडपत्री मधल्या आकाराची, गाडीवानाच्या हाती पाठवून द्यावी. वर कागद गुंडाळा. धाकटीला कळवू नका.

ता. क. दुसरा — पाठवू नका. पत्र टाकायला निघालो आणि काल रात्रभर पातेली उपसणारी तुमची बहीण डोळ्यांपुढे आली, तसाच वळलो आणि भर बाजाराच्या वेळी साडूंच्या दुकानात शिरलो. ते उठूनच उभे राहिले. “भाऊ, तुम्ही कशाला आलात, मी पोचती केली असती. घरच्यांना जुनाच भाव.” मी म्हटलं, मावशीला जो भाव, तोच मला. ते हसले, मग हसायचे थांबले. “भाऊ, तिची उधारी आहे,” म्हणाले. मी म्हटलं, तेच म्हणतोय, उधारी, आणि तीही दुप्पट भावाची. दुप्पट पैसे ठेवले. ते त्यांनी गल्ल्यात टाकले, पण माझ्याकडे बघितलं नाही. हे मी मावशीसाठी केलं, की त्यांना आणखी एक आशीर्वाद मिळू नये म्हणून, याचा उलगडा अजून झालेला नाही; देवाला विचारलं आहे. ताडपत्री खांद्यावर घेऊन सगळ्यांदेखत घरी आलो आणि स्वतः वर चढून बांधली. दोरी मात्र माझ्याच दुकानातली, जुन्या भावाची.