गावचं मशीन मोजेपर्यंत

जानेफळ, २३ नोव्हेंबर, शनिवार संध्याकाळ

आमचा उमेदवार पडला. मग मन इतकं भरून का आलंय?

आमची लेक सुजाता मेहकरला मतमोजणीत त्याची प्रतिनिधी होती. दुपारी हार दिसताच आमची माणसं जीपनं परतली. सुजाताचे बाबाही त्याच जीपमध्ये. ही मात्र खुर्ची सोडेना. "आपल्या गावचं मशीन मोजल्याशिवाय मी नाई येत," म्हणाली. ते लागलं अगदी शेवटच्या फेरीत. तोवर जिंकलेल्यांची पोरंही गुलाल खेळायला बाहेर पळालेली. त्या टेबलाशी गावची ही एकटीच, त्याच खुर्चीवर. मग एसटीनं घरी आली.

आत्ता त्यांची मिरवणूक आली आणि बँड आमच्याच दारात थांबला. मला वाटलं, चिडवायलाच आले. पण गुलालानं माखलेला त्यांचा पुढारी हळूच म्हणाला, "ताई, आपल्या गावात लीड कोणाची? आमचं कोणीच नव्हतं तिथं."

"गावात लीड आमचीच हाय, दादा," सुजाता म्हणाली. आवाज चढवला नाही, हसलीही नाही. बँड कोपऱ्यापर्यंत मुकाट गेला.

तिचे बाबा उठले, आणि ओसरीतली स्वतःची खुर्ची तिच्यापुढे सरकवली.