वैशालीच्या वहीतला एक शब्द

४ जून, सोनई
मांडीचं हाड मोडून तीन महिने झाले. वॉकर धरून मोरीपर्यंत जाऊन आले. सूनबाई वैशाली हल्ली फार गोड बोलते. रोज बीपी बघते, मोबाईलमध्ये लिहून ठेवते. "आत्या, आज कसं वाटतंय?" सात वर्षांत कधी विचारलं नव्हतं हिनं. काहीतरी शिजतंय.

६ जून
वैशाली बाजारात गेली होती. तिच्या उशीखाली वही सापडली. वाचली. चोरून, हो. अख्खं पान एकाच इंग्रजी शब्दाचं. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. खाली वाक्यं: मी सासूला सांभाळते. मी म्हातारीला उचलते, आंघोळ घालते. म्हातारी म्हणजे मी!
शेवटचं वाक्य: मी जर्मनीत म्हाताऱ्या माणसांना सांभाळीन.

७ जून
काल घोटाळा करून बसले. वही ठेवण्याआधी सवयीनं लाल पेन चालवलं. तिनं एकच अर्थ लिहिलेला. मी पुढे भरलं: काळजी घेणे, देखभाल करणे, लक्ष ठेवणे. वर सही आणि तारीख! पस्तीस वर्षांची मास्तरकी, जाते कुठे.
तिनं वही उघडली असणारच. तरी काही बोलत नाही. त्याचाच जास्त संशय येतो.

९ जून
मुलाला, संजयला विचारलं. "मला काय बी म्हाईत न्हाई," म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला. म्हणजे नवराबायकोचं ठरलंय.

१० जून
आज वही घेऊन समोरच बसली. "आत्या, अर्थ तुमीच लिवले ना? लई उपयोगी पडले." मग तिनंच सगळं सांगितलं. जर्मनीला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला तिनं सांभाळलेल्या माणसाचा व्हिडिओ हवाय, इंग्रजीतून; जर्मन नंतर शिकवणार म्हणे. तो पसंत पडला तर दोन वर्षं ती तिकडे.
"आणि माझं कोण करणार?"
"ह्ये हायेत की. बाई पन लावू."
बाईसुद्धा ठरवून मोकळे! राग आला. मोरीत जाऊन रडले.

१२ जून
व्हिडिओ. मी म्हणायचं वाक्य: 'शी लुक्ड आफ्टर मी व्हेरी वेल.' पहिल्यांदा मुद्दाम अडखळले. दुसऱ्यांदा खोकले. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, मोबाईल परत धरला. कळलं असेल का तिला?
तिसऱ्यांदा मात्र स्वच्छ बोलून गेले. खरंच होतं ते, काय करणार.
"धाडू का, आत्या?" दारात उभी राहून विचारतेय. मी लिहिण्यात गुंग असल्याचं दाखवतेय.