ह्यांच्या मांडवाखालचं झाड

सान हासिन्तो,
जानेवारी अखेर

ती. ओफेलिया वन्सं यांना नेलिदाचा पाया पडून नमस्कार (गुडघे अजून वाकत नाहीत, तेव्हा पडले असं धरून चाला).

तुमचं पित्त कसं आहे? तिकडे ताकुआरेम्बोला उन्हाळा फार तापलाय का, मेंढ्यांची लोकर कातरून झाली का, आणि नव्या फादरांचं प्रवचन जुन्यांपेक्षा आटोपशीर असतं का, सगळं सविस्तर कळवा. मी बरी आहे. सकाळी द्राक्षाच्या मांडवाखाली बसून मातेचा कडू काढा करते, पहिलं भांडं स्वतः पिते, मग सवयीने पुन्हा भरून समोरच्या खुर्चीकडे हात करते आणि तो हात तसाच माघारी घेते. पण ते जाऊ दे. पत्र लिहायला घेतलंय ते झाडाबद्दल.

ह्यांचं ते तपकिरी जॅकेट तुम्हाला आठवत असेल (तुम्हीच विणलेला गळपट्टा ज्याच्या बाहीत कोंबून ते हरवला म्हणून सांगायचे). ते मला काही टाकवलं नव्हतं. वसंतात झटकायला म्हणून बाहेर काढलं तर खिशातून गोळ्यांची जुनी डबी निघाली आणि डबीत कापसात गुंडाळलेल्या चार बिया. मला वाटलं पक्ष्यांचं खाणं असेल. शेजारच्या वॉशिंग्टनला दाखवल्या तर तो टोपी काढून उभाच राहिला. म्हणाला, ‘‘अगं, ह्या मीच दिल्या होत्या एबेरला. तुझ्या गुडघ्यांना चोळायला तेल करायचं म्हणत होता. तुला सांगू नको म्हणाला, झाड मोठं झालं की आयतं दाखवीन.’’ वन्सं, तुमच्या भावाने जन्मात माझ्यापासून एक गोष्ट लपवली, आणि तीही ही. मी तिथेच पायरीवर बसले.

होय, त्याच्याच बिया, गांजाच्या. तुम्ही आता क्रूसाची खूण करणार. करून घ्या, मी थांबते. (झाली?) आता हे झाड लावणं कायद्यात बसतं, सरकारदप्तरी माझं नाव रीतसर नोंदवलं आहे, आणि आमच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरपासून चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या ग्लादीसपर्यंत प्रत्येकाच्या परसात टोमॅटोशेजारी हे झाड उभं आहे. ग्लादीस तर आपल्या झाडांना ‘पोरी’ म्हणते आणि त्यांना चर्चमधली भजनं ऐकवते. चारही बिया मांडवाखाली पेरल्या, त्यातल्या तीन कुजल्या. चौथी उगवली. मातीतून एवढंसं डोकं वर काढून बीचं टरफल टोपीसारखं घालून ती उभी राहिली तेव्हा मी घरात जाऊन चष्मा आणला, आणि पुसून पुन्हा पाहिलं.

झाड वीतभर झाल्यावर वॉशिंग्टन शिकवायला आला. म्हणाला, ‘‘ह्याला वळण लावावं लागतं. सोडलंस तर सरळ वर जाईल आणि शेंड्यालाच काय ते फूल येईल. वाकवून आडवं बांध.’’ मी म्हटलं, ‘‘वॉशिंग्टन, तू आयुष्यभर बस चालवलीस. मी द्राक्षवाल्यांच्या घरात नांदले. मला तू वाकवायला शिकवणार?’’ तुमच्या वडिलांनी मला लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात वेलीला बांधणी शिकवली होती, तारेला वाळुंजाच्या ओल्या, लवचिक काडीने, सैल आणि तरी न सुटणारी. तीच गाठ मारली. ह्यांच्या मांडवाची मधली वेल दोन वर्षांपूर्वी वाळली, तिथल्या तारा मोकळ्याच होत्या. झाडाची मान धरून मी ती हळूच तारेकडे वळवली. भीती वाटत होती, मोडेल म्हणून. मोडली नाही. संध्याकाळी पाहिलं तेव्हा शेंडा बिचारा जमिनीकडे बघत होता. सकाळी माते घेऊन आले तर तोच शेंडा वळून सूर्याकडे तोंड करून बसलेला! मी भांडं खाली ठेवलं. वन्सं, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या भावाला मी जन्मभर वळण लावलं, पण त्यांचे मोजे काही टोपलीत पडले नाहीत. आणि ह्याला संध्याकाळी एक गोष्ट सांगितली की सकाळी ती ऐकून वर स्वतःचंही काही करून दाखवलेलं.

मग तर मला नादच लागला. शेंडा खुडला तर त्या जागी दोन आले. ते दोन बाजूंना बांधले तर आडव्या खोडातून ओळीने नवे फुटवे उठले, वर्गात बाईंनी प्रश्न विचारल्यावर पोरं हात वर करतात तसे. रोज वाकायचं, बसायचं, काडी भिजवायची, बांधायची. बांधता बांधता मी बोलायचे. सूपमध्ये जास्त पडलेलं मीठ, खासदाराच्या बायकोची मिजास, तुमच्या पत्रातल्या तक्रारी, सगळं त्याला ठाऊक आहे. जानेवारीच्या उन्हात आमच्या द्राक्षाची पानं मरगळली, पण हा पठ्ठ्या मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पसरला. मला रात्री झोपताना वाटायचं, इतकं सगळं त्या तीळभर बीमध्ये कुठे ठेवलं होतं? देवावर माझा विश्वास तुमच्याइतका कधीच नव्हता, पण ह्या महिन्यात थोडा वाढलाय. फादरांना सांगू नका, ते कारण विचारतील.

आणि मग घोस आले. पानांच्या बेचक्यांत हिरवे हिरवे मणी, गुच्छाने. आता तुम्हीच सांगा, आपण द्राक्षातली माणसं, मोहराच्या वेळी असे मणी दिसले की आपण काय करतो? गावाला बोलावतो! मीही बोलावलं. तळलेल्या पोळ्या केल्या, माते भरून ठेवली, वॉशिंग्टनला, ग्लादीसला, दातांच्या डॉक्टरला मांडवाखाली बसवलं आणि फांदी उचलून दाखवली. ‘‘बघा! तुमच्या कुणाकडे आहेत का असे घोस?’’

ग्लादीसच्या हातातून पोळी खाली पडली. डॉक्टर तोंड उघडून बसला (एरवी तो दुसऱ्यांना उघडायला लावतो). शेवटी वॉशिंग्टन, जणू घरात कुणी गेल्याची बातमी द्यायची आहे अशा आवाजात, म्हणाला, ‘‘नेलिदा, हा नर आहे.’’

मला आधी आनंदच झाला. मी म्हटलं, ‘‘असणारच! कोणाचा आहे!’’ मग त्यांनी समजावलं. नराला ना तेल, ना फूल, ना कसला उपयोग. आणि ते मणी एकदा फुटले की पराग वाऱ्यावर जाणार आणि गल्लीतल्या सगळ्या पोरींच्या फुलांत बिया धरणार, म्हणजे सगळ्यांचं वर्षाचं पीक बुडालं. नर दिसला की त्याच दिवशी उपटायचा, हा इथला रिवाज आहे. ग्लादीस रडायलाच लागली. ‘‘नेलिदाताई, माझ्या पोरींनी कुणाचं काय वाकडं केलंय?’’ वॉशिंग्टन म्हणाला, ‘‘मी तुला दुसऱ्या बिया देतो, खात्रीच्या, सगळ्या माद्या.’’ मी म्हटलं, ‘‘त्या तू दिलेल्या असतील. ह्यांच्या खिशातल्या नसतील.’’ त्यांची काही चूक नाही, वन्सं. मी त्यांच्या जागी असते तर विळा घेऊनच आले असते. मी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. मणी अजून मिटलेले आहेत. रोज उठून पहिले तेच बघते. विळा दारामागे आहे आणि माझा हात तिकडे जात नाही.

बाकी सर्व क्षेमकुशल. मेंढ्यांना माझी आठवण सांगा. प्रकृतीला जपा, पित्तावर लिंबू घेऊ नका.

तुमची भावजय,
नेलिदा

ता. क. तुमच्या घराच्या आसपास कोसन् कोस माणूस नाही, आहेत त्या मेंढ्या, आणि मेंढ्यांना परागाचं काही वाटत नाही, हे मला काल अचानक सुचलं. शनिवारच्या बसने तो येतोय. वॉशिंग्टनचा जुना जोडीदार गाडीवर आहे, मागच्या बाकावर खिडकीची जागा ठेवणार आहे. पत्र पोचेपर्यंत तो निम्म्या वाटेवर असेल, तेव्हा नको म्हणून कळवण्याची तसदी घेऊ नका. थांब्यावर गाडी घेऊन जा. बांधण्या सोडून, मुळाच्या मातीसकट खणून, फांद्या गुंडाळून गहू भरायच्या गोणीत बसवलाय, फक्त तोंड बाहेर ठेवलंय. भरपूर ऊन असेल तिथे ठेवा. फादर आले तर भोपळा म्हणून सांगा.

ता. क. दुसरा. त्याच्याबरोबर एक कोवळी मादी पण आहे. ग्लादीसने स्वतःच्या हाताने दिली, आपल्या पोरींवरचं संकट टळतंय म्हणून, आणि देताना डोळे पुसले, म्हणजे अगदी मुलीकडची शोभली. दोघांना शेजारी शेजारी ठेवा, बाकी ती बघतील. करवली तुम्हीच. नराचं आयुष्य एका उन्हाळ्याचंच असतं, मणी फुटले की तो वाळायला लागेल. घाबरू नका, तुमच्याकडून काही चुकलं असं मनात आणू नका. पण तिला बिया धरतील. गोणीत खाली ह्यांची ती डबी ठेवली आहे, कापूस तोच आहे. त्यात चार बिया घालून मला परत पाठवा. एवढ्याचसाठी एवढं पत्र लिहिलं.

ता. क. तिसरा. गुडघ्यांचं वर लिहिलं ते खरं नाही. रोज त्याच्यापुढे बसून बांधणी करता करता ते वाकायला लागलेत, म्हणजे तेलाशिवायच तुमच्या भावाचा औषधोपचार लागू पडला. डबी घेऊन स्वतः आलात तर खरोखर पाया पडेन. आणि त्याला नाव ठेवू नका, मीही ठेवलं नाही. आज गोणीत बसवताना फक्त एकदा तोंडातून निघून गेलं, ‘‘अहो, मान जरा आत घ्या.’’ वॉशिंग्टन शेजारीच होता. त्याने टोपी काढली आणि उगाच मांडवाकडे बघत राहिला.