मेरीचं पान

२२ सप्टेंबर २००६, सर्वपित्री अमावास्या. दुपारी चार वाजता, टायपिंग थांबवून.

मुंबईच्या ऑफिसने परदेशातल्या जुन्या कबरस्तानाच्या नोंदी घरबसल्या टाइप करायला दिल्या आहेत. नावामागे पन्नास पैसे. हे जमलं नाही तर मामाबरोबर कतार. पण सकाळी टाइप केलेली मेरी डोक्यातून जात नाही. वय अकरा दिवस.

जेवणाआधी आईला सांगितलं. "मेल्या, तिच्या जिवावर जेवणार आणि आत्ता सांगतोस?" म्हणत तिने अंगणाच्या दगडी गडग्यावर बाबांच्या पानाशेजारी आणखी एक पान ठेवलं. बाबांच्या पानाला कावळा लगेच शिवला. मेरीचं अजून तसंच आहे.

"काय हवं असेल रे तिला?" आईने आताच पुन्हा विचारलं.

मला काय माहीत? माझ्याकडे नाव आणि वय, एवढंच. अकरा दिवस. पुढची नोंद उघडवत नाही.

खर्च: काही नाही, तांदूळ घरचेच. येणं: मेरीचे पन्नास पैसे.